कुत्रा शेजाऱ्याचा, जबाबदारी कोणाची? एश्नुन्नाच्या विटांपासून १८३२ च्या मुंबईपर्यंत

७ जून १८३२. मुंबईच्या किल्ल्यातील बाजार त्या सकाळी उघडलाच नाही. पेढ्या बंद, दुकानांच्या फळ्या लागलेल्या, आणि रस्त्यांवर जमाव. कुलाबा तेव्हा वेगळे बेट होते. मुंबईशी जोडणारा बांध पुरा व्हायला अजून सहा वर्षे अवकाश होता. तिथल्या गोऱ्या पलटणीला रोज शहरातून जाणारी रसद जमावाने अडवून धरली. एका वरिष्ठ न्यायाधीशाच्या बग्गीवर घाण फेकण्यात आली. अखेर दंगलीचा कायदा वाचून दाखवून लष्कर बोलवावे लागले.

या सगळ्याचे कारण होते कुत्री.

मुंबईच्या इतिहासात हा प्रसंग ‘कुत्र्यांची दंगल’ या नावाने ओळखला जातो. बहुतेक ठिकाणी तो दोन ओळींत उरकला जातो: इंग्रजांनी भटकी कुत्री मारली, पारशांच्या धर्मभावना दुखावल्या, दंगल झाली. या दोन ओळी खोट्या नाहीत, पण त्यांतून मुख्य गोष्ट निसटते. शेजाऱ्याला ज्या जनावराचा त्रास होतो, त्याचा जाब कोणाला विचारायचा: जनावराला, मालकाला की मोहल्ल्याला? हा प्रश्न मुंबईहून फार जुना आहे. इतका जुना, की त्याचे पहिले लेखी उत्तर कागदावर नसून मातीच्या विटेवर आहे.

आजच्या बगदादच्या ईशान्येला, दियाला नदीच्या खोऱ्यात एश्नुन्ना नावाचे नगर होते. १९४० च्या दशकात बगदादच्या वेशीवरील तेल हरमल या टेकाडाच्या उत्खननात मातीच्या दोन विटा सापडल्या. त्यांवर अक्कादी भाषेत एश्नुन्नाचे कायदे कोरलेले होते. काळ साधारण इ. स. पूर्व अठराव्या शतकाचा, म्हणजे हम्मुराबीच्या सुप्रसिद्ध शिलालेखाच्या थोडा आधीचा. या कायद्यांत बाजारभाव आहेत, व्याजाचे दर आहेत, विवाहाचे नियम आहेत आणि शेवटाकडे एक कलम कुत्र्याचे आहे.

त्या कलमाचा आशय असा. कुत्रा पिसाळलेला आहे आणि मोहल्ल्याच्या प्रमुखांनी त्याच्या मालकाला तशी सूचना दिली आहे. तरीही मालकाने कुत्र्याला आवरले नाही, कुत्रा कोणाला चावला आणि तो माणूस दगावला, तर मालकाने ४० शेकेल चांदी भरावी. मेलेला गुलाम असेल तर १५ शेकेल. एक शेकेल म्हणजे साधारण आठ ग्रॅम. त्यामुळे ४० शेकेल म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश किलो चांदी.

गुलामाच्या जिवाची किंमत निम्म्याहूनही कमी, हे वाचून आजचा वाचक अस्वस्थ होतो आणि व्हायलाच हवा. पण कलमाची रचना पुन्हा एकदा पाहण्यासारखी आहे. कुत्रा चावला एवढ्याने मालक दोषी ठरत नाही. त्याला सूचना मिळाली होती का, आणि सूचना मिळाल्यावर त्याने काय केले, या दोन गोष्टींवर सगळे अवलंबून आहे. सूचना देणारे कोण? राजाचा शिपाई नव्हे. अक्कादी भाषेत ‘बाब्तुम’ म्हणजे वेशीआतला मोहल्ला, आळी. तिथल्या जाणत्या मंडळींनी सूचना द्यायची. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर आळीच्या पंचांनी.

या कलमाची जागाही बोलकी आहे. त्याच्या आधी शिंगे मारणाऱ्या बैलाचे कलम आहे आणि नंतर कलत्या भिंतीचे. भिंत पडायला आली आहे, पंचांनी मालकाला बजावले आहे, त्याने ती सावरली नाही आणि ती कोसळून माणूस मेला, तर प्रकरण प्राणदंडापर्यंत जाते, राजाच्या निवाड्यापर्यंत. बैल, कुत्रा, भिंत. कायदा लिहिणाऱ्याच्या लेखी या तिन्ही गोष्टी एकाच जातीच्या होत्या: घरधन्याला ठाऊक असलेला, त्याला टाळता येण्याजोगा, आणि शेजाऱ्याच्या अंगावर कोसळणारा धोका. कुत्र्याला इथे कोणी पापी ठरवलेले नाही, जसे भिंतीला ठरवलेले नाही.

हम्मुराबीने बैलाचे कलम घेतले आणि त्यात एक उपयुक्त भर घातली. बैल मारका आहे असे मोहल्ल्याने बजावल्यावर मालकाने त्याची शिंगे बोथट केली नाहीत किंवा त्याला बांधून ठेवले नाही, तर दंड. म्हणजे ‘आवर घालणे’ म्हणजे नेमके काय, तेही सांगितले.

ग्रीसमध्ये हीच गोष्ट लाकडाच्या रूपात भेटते. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी अथेन्सला कायदे देणाऱ्या सोलोनचे चरित्र प्लुटार्कने पुढे सुमारे सातशे वर्षांनी लिहिले. त्यात जनावरांनी केलेल्या नुकसानीचा एक कायदा येतो. चावलेला कुत्रा मालकाने फिर्यादीच्या स्वाधीन करायचा, तोही गळ्यात लांबलचक लाकूड अडकवून. अशा लाकडामुळे कुत्र्याला झेप घेता येत नाही आणि चावणे अवघड होते. प्लुटार्कने ही युक्ती सुरक्षिततेसाठी चांगली असल्याचा शेराही मारला आहे.

मराठी वाचकाला ही युक्ती समजावून सांगावी लागू नये. तिला आपल्याकडे नाव आहे: लोढणे. दुसऱ्याच्या शेतात घुसणाऱ्या ओढाळ गुराच्या गळ्यात जड ओंडका अडकवला जाई. पळू लागले की तो पायांवर आपटे. आज हा शब्द नको असलेल्या जबाबदारीसाठी वापरला जातो, पण मूळचे लोढणे ही शेजारधर्माची वस्तू होती. आपले जनावर आणि शेजाऱ्याचे पीक यांच्यामध्ये घरधन्याने टाकलेले लाकूड.

रोमन लोकांनी मात्र हिशेब रोखीत मांडला. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील बारा पट्ट्यांच्या कायद्यापासून तिथे नियम होता, की जनावराने नुकसान केले तर मालकाने भरपाई द्यावी किंवा जनावरच फिर्यादीला देऊन मोकळे व्हावे. पुढे बाजारपेठ आणि रस्ते सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक फर्मान काढले. जिथून लोकांची सर्रास ये-जा असते तिथे अमुक प्राणी अपाय होईल अशा रीतीने ठेवू नयेत. यादीत लांडगा आहे, अस्वल आहे, बिबट्या आहे, सिंहही आहे. खेळांच्या मैदानांसाठी श्वापदे आणणाऱ्या शहराला ही यादी शोभतेच. पण यादीत पहिले नाव कुत्र्याचे आहे. नुकसान झाले तर सर्वसाधारण दंड दुप्पट भरपाईचा.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत एका घराच्या उंबऱ्याशी फरसबंदीत कुत्र्याचे चित्र आहे: काळा, दात विचकलेला, गळ्यात साखळी. खाली लॅटिनमध्ये ‘कुत्र्यापासून सावध’ असे लिहिले आहे. पुण्यातल्या फाटकांवरच्या पाट्यांचा हा थोरला पूर्वज म्हणायला हरकत नाही. फक्त पुणेकराने त्यात आणखी दोन वाक्ये घातली असती.

भारतीय धर्मशास्त्रात हा विचार कसा येतो? याज्ञवल्क्यस्मृतीत सुळे असलेल्या आणि शिंगे असलेल्या प्राण्यांच्या मालकासाठी एक श्लोक आहे. आपला प्राणी कोणावर धावून गेला आहे आणि सोडवण्याची ताकद असूनही मालक सोडवत नाही, तर त्याला ‘प्रथम साहस’ हा ठरावीक दंड. आणि सापडलेल्या माणसाने मदतीसाठी आरडाओरडा केला असेल, तरीही मालक स्वस्थ राहिला, तर दुप्पट. एश्नुन्नात मोहल्ल्याची सूचना जे काम करते, तेच काम इथे त्या हाकेने केले आहे. ऐकू आले होते, हे सिद्ध झाले की सबब उरत नाही.

याच स्मृतीत शेत खाणाऱ्या गुरांचा तपशील अधिक आहे. शेतकरी समाजात तंट्यांचे मूळ तेच. म्हशीने पीक नासले तर आठ माष, गाईला त्याच्या निम्मे, शेळीमेंढीला त्याच्याही निम्मे. पुढचा नियम तर शेताच्या बांधावर उभे राहून लिहिल्यासारखा वाटतो: जनावर पोटभर खाऊन तिथेच बसून राहिले तर दंड दुप्पट. खाऊन निघून गेलेले गुरू चुकून आले असेल. रवंथ करत बसलेल्या गुराकडे राखणाऱ्याचे लक्षच नव्हते, हे उघड आहे.

या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या काळी लिहिली. महाराष्ट्रात पुढे शतकानुशतके निवाड्यांसाठी याच ग्रंथाचा आधार घेतला गेला. म्हणून याज्ञवल्क्याचा आणखी एक नियम इथे महत्त्वाचा ठरतो, आणि मुंबईच्या गोष्टीसाठी तर तो कळीचा आहे. मोठा वळू, देवाला सोडलेली जनावरे, नुकतीच व्यालेली गाय, कळप चुकून बाहेरून आलेले जनावर, अशांना दंडातून सूट. कारण काहींना आवरणे शक्य नसते आणि काहींना धनीच नसतो.

म्हणजे ‘मालकाचे’ आणि ‘भटके’ या दोन खणांच्या मध्ये एक तिसरा खण आपल्या समाजाला पूर्वापार माहीत होता. देवाला सोडलेला वळू कोणाच्याच दावणीला नसतो, तरी तो सगळ्या गावाचा असतो. खंडोबाच्या आणि दत्ताच्या पायाशी बसलेली कुत्री कोणाच्या मालकीची, असा प्रश्न भक्ताला पडत नाही. आळीतल्या कुत्र्याचेही तसेच. एका घरी भाकरीचा तुकडा, दुसऱ्या घरी ताकाचे पाणी, तिसऱ्या घराच्या ओट्याखाली झोप. त्याला नाव असते, पण धनी नसतो. चोराला तो ओळखतो, आळीतल्या पोरांनाही ओळखतो.

या तिसऱ्या खणात एक अडचण मात्र आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. असा कुत्रा पिसाळला तर सूचना कोणाला द्यायची? चाळीस शेकेल कोण भरणार?

१८३२ साली हा प्रश्न पुस्तकी नव्हता. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर पाण्याची भीती वाटू लागलेला माणूस वाचत नसे. पाश्चरची लस जोसेफ माइस्टर या मुलाला टोचली जायला अजून ५३ वर्षे होती. कुत्री उन्हाच्या काहिलीने पिसाळतात, हा युरोपातला जुना समज गोऱ्या अधिकाऱ्यांच्याही डोक्यात होता. अरुंद गल्ल्या, दाटीची वस्ती, कचऱ्याचे ढीग आणि त्यांवर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या. इंग्रज न्यायाधिकाऱ्यांची भीती खोटी नव्हती, एवढे मान्य करूनच पुढे जायला हवे.

त्यांचा उपाय जुनाच होता. वर्षातील ठरावीक दिवसांत रस्त्यावरची बेवारस कुत्री मारण्याची परवानगी मुंबईच्या नियमांत आधीपासून होती. १८३२ मध्ये उन्हाळ्याची ही मुदत वाढवून जूनपर्यंत लांबवण्यात आली. मारलेल्या दर कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळ्या प्रकरणाची मेख या आठ आण्यांत आहे. त्या काळी अर्धा रुपया ही क्षुल्लक रक्कम नव्हती. आता कुत्रे पकडणाऱ्याच्या जागी उभे राहून विचार केला, तर कोणता कुत्रा सर्वांत सोपा? पिसाळलेला तर नक्कीच नव्हे. त्याच्या वाटेला जाण्यात जिवाला धोका. रानटी भटकाही नव्हे. तो माणूस दिसताच पळतो. सर्वांत सोपा तो, जो हाक मारल्यावर शेपटी हलवत जवळ येतो. इनाम डोक्यामागे होते, धोक्यामागे नव्हते. तेव्हा पट्टा नसलेली, ओट्यावर सुस्तावलेली, घरची कुत्री या मोहिमेत सापडू लागली. लोकांची तक्रार होती, की शिपाई घरांत आणि अंगणांत शिरून कुत्री ओढून नेतात.

पारशी समाजासाठी ही केवळ आवडत्या प्राण्याची गोष्ट नव्हती. जरथोस्ती अंत्यविधीत ‘सगदीद’ नावाचा विधी असतो: मृतदेहावर कुत्र्याची दृष्टी पाडणे. त्यासाठी डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेला, ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम मानला जातो. अवेस्तातील वेंदिदाद या ग्रंथात कुत्र्यांविषयी सलग प्रकरणेच आहेत. मेंढरांच्या आणि घराच्या राखणीच्या कुत्र्याला निकृष्ट अन्न घालणे हे तिथे पाप आहे. फार कठीण हाड किंवा फार गरम अन्न देऊन त्याला इजा करणे हेही पाप. अशा लोकांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच आळीत, सोट्यांनी कुत्री मारली जात होती.

पण त्याच वेंदिदादच्या तेराव्या प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि ‘धर्मभावना विरुद्ध सुरक्षितता’ अशी सोपी मांडणी करणाऱ्यांच्या नजरेतून ती सुटते. घरात वेडा किंवा न भुंकता चावणारा कुत्रा असेल तर काय करावे, असा थेट प्रश्न तिथे विचारला आहे. उत्तर असे: त्याच्या गळ्यात लाकडी कडे घालावे आणि त्याला मुसके बांधावे. लाकूड कठीण असेल तर जाडी किती, मऊ असेल तर किती, हेसुद्धा सांगितले आहे. तसे केले नाही आणि कुत्र्याने मेंढरू किंवा माणूस जायबंदी केले, तर ती कृती जाणूनबुजून केलेल्या हत्येसारखी धरून कुत्र्याला टप्प्याटप्प्याने शिक्षा: आधी उजवा कान, मग डावा, मग पाय, शेवटी शेपूट. वाचताना अंगावर काटा येतो.

लगेच पुढे मात्र वेड्या कुत्र्यावर श्रद्धावान माणसावर करावेत तसे उपचार करण्याची आज्ञा आहे. आणि त्याला न बांधल्यामुळे तो खड्ड्यात, विहिरीत वा नदीत पडून मेला, तर दोष घरच्यांचा, तोही गंभीर.

अथेन्समधले लाकूड, आपल्याकडचे लोढणे, वेंदिदादमधले कडे. कुत्र्याला देवदूताच्या जवळ नेऊन बसवणाऱ्या धर्मानेही शेजाऱ्याच्या सुरक्षिततेची सोय केली होती. ती सोय करण्याचे काम त्याने घरधन्यावर टाकले होते. मुंबईच्या नियमात घरधनीच नव्हता. त्यात कुत्रा होता, सोटा होता आणि आठ आणे होते.

६ जूनला किल्ल्यात कुत्री मारत असलेल्या गोऱ्या शिपायांवर पारशांचा जमाव चालून गेला आणि त्यांना मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला तो असा. तोवर हा केवळ पारशांचा प्रश्न उरला नव्हता. जैन आणि वैष्णव व्यापारी प्राणिहत्येला आधीच कंटाळलेले होते. इतर हिंदू होते, मुसलमानही होते. पाव, मांस, पाणी पुरवणारे आणि मजूर यांनी हात आखडते घेतले, की सरकारचा रोजचा गाडा कसा अडतो, हे त्या एका दिवसात सर्वांना दिसले. मुंबईत पुढे अनेक हरताळ झाले; हा त्यांच्यातला फार आधीचा.

ते वर्षच नव्या आवाजांचे होते. पाच महिन्यांपूर्वी, ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ याच शहरात निघू लागले होते. सरकारपुढे गाऱ्हाणे कसे मांडावे याची रीत मुंबई अजून शिकत होती. वृत्तपत्र ही एक रीत, अर्ज ही दुसरी, आणि रस्ता ही तिसरी.

दंगल मोडली. पुढाऱ्यांची धरपकड झाली, खटले चालले. मग शहरातील प्रतिष्ठित पारशी आणि इतर व्यापारी पुढे झाले. त्यांची अवस्था अवघड होती. सरकारशी त्यांचा व्यापार, मान, सगळेच गुंतलेले. आणि रस्त्यावर उतरलेली माणसे त्यांचीच. त्यांनी हिंसेपासून अंतर राखले, पकडलेल्यांसाठी दयेची याचना केली आणि मूळ तक्रार मात्र सोडली नाही. कुत्री मारण्याऐवजी पकडून शहराबाहेर न्यावीत, असा तोडगा पुढे आला.

या मध्यस्थांत एक नाव होते जमशेटजी जीजीभाई. पुढे ज्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि ज्यांच्या नावाचे रुग्णालय व कलाशाळा मुंबईकर आजही ओळखतात, तेच. १८३२ मध्ये ते चीनच्या व्यापारात श्रीमंत झालेले ४९ वर्षांचे शेठ होते. पदवीला अजून दहा वर्षे होती.

‘शहराबाहेर न्या’ म्हणणे सोपे. न्यायची कुठे आणि खायला कोण घालणार? या प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांनी मिळाले. १८३४ मध्ये जमशेटजी आणि जैन व्यापारी मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर स्वेच्छेने लाग बसवून घेतला. गुजरातच्या शहरांत पांजरापोळ पूर्वीपासून होते. तीच संस्था इथे आणली गेली.

या व्यवस्थेतही त्रुटी होत्या. बाहेर नेऊन सोडलेली कुत्री परत येतात. रिकाम्या झालेल्या आळीत दुसरी येतात. कोंडून ठेवलेल्या जनावरांचे हाल हा तर वेगळा विषय. परंतु एक गोष्ट घडली. ज्यांना कुत्री मारायला नको होती, त्यांनी ती सांभाळण्याचा खर्च स्वतःच्या हिशेबवहीत घातला. तिसऱ्या खणातल्या जनावरांना पहिल्यांदा एक धनी मिळाला, जो सूचना स्वीकारू शकेल असा.

त्याच शतकात विलायतेत उलट बाजूने घडामोडी चालू होत्या. इंग्लंडमध्ये न्यायालये मालकाला कुत्र्याचा स्वभाव आधीपासून माहीत होता का, हे पाहत. त्यामुळे ‘प्रत्येक कुत्र्याला पहिला चावा माफ’ अशी म्हणच पडली. मेंढपाळांना हे परवडेना. १८६५ च्या कायद्याने गुरेमेंढरांच्या बाबतीत ही पळवाट बंद केली. कुत्र्याचा स्वभाव माहीत होता की नव्हता, मालकाने भरपाई द्यायची. दोन वर्षांनी पाच शिलिंगांचा परवाना आला. परवाना म्हणजे तरी काय? हा कुत्रा कोणाचा, याची सरकारी नोंद.

हिंदुस्थानात गुरांसाठी १८७१ चा कायदा झाला आणि गावोगावचे कोंडवाडे त्याच्या कक्षेत आले. शेत नासणारे जनावर धरायचे, चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात घालायचे, मालकाने दंड भरून सोडवायचे. खेड्यात वाढलेल्या आजोबांच्या पिढीला कोंडवाड्यात अडकलेली म्हैस आणि त्यावरून झालेली भाऊबंदकी आठवत असते.

कुत्र्यासह सर्व पाळीव प्राण्यांसाठीची तरतूद त्याआधीच, १८६० च्या भारतीय दंड संहितेत आली होती: कलम २८९. ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला संभाव्य धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना, तो टाळण्यापुरती व्यवस्था जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने न ठेवणे हा गुन्हा. म्हणजे माणूस मरण्याची, किंबहुना कुत्रा चावण्याचीही वाट पाहण्याची गरज नाही. बंदोबस्त न ठेवणे एवढेच पुरे. आणि ‘ताब्यातला’ हा शब्द असल्यामुळे कलम त्यालाच लागते, ज्याच्या हाती साखळी आहे. आळीच्या कुत्र्यापाशी ते येऊन थबकते, जसा एश्नुन्नाचा कायदा थबकला असता. त्या कुत्र्यांसाठी नसबंदी आणि लसीकरणाचे स्वतंत्र नियम यायला २००१ साल उजाडले; २०२३ मध्ये ते नव्याने झाले.

भुलेश्वरचा पांजरापोळ आजही त्याच जागी आहे. दाट वस्तीने त्याला चहूबाजूंनी वेढले आहे आणि आत मुख्यतः गाई आहेत. कलम २८९ चे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम २९१ झाले. कैदेची कमाल मुदत १८६० सालीच ठरलेली, सहा महिने, तशीच आहे. दंडाची मर्यादा एक हजार रुपयांवरून पाच हजार झाली.